पाने न झाडण्याबाबत

मसुदेरावांनी कादंबरी लिहायचं ठरवलं ते एका सोमवारी सकाळी, दाढी करताना. एका गालाला साबण होता, दुसरा गाल मोकळा होता.

"ठरलं!" ते आरशाला म्हणाले.

"काय, मिशी काढायची?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

थोर निर्णयांचं घरात असंच स्वागत होतं, हे ठाऊक असल्यामुळे मसुदेरावांनी मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे थोडंच लावून घेतलं.

मसुदेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार शाखेत ते उत्तरांचे मसुदे तयार करत, म्हणून मसुदेराव. एकोणतीस वर्षं हेच काम. "आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की" इथून त्यांची लेखणी जी सुटायची ती थेट सहीपाशीच थांबायची. नळाला पाणी का येत नाही हे ते अशा भाषेत पटवून देत, की तक्रार करणाऱ्याला पुढचे काही दिवस तहानच लागू नये. एवढी भाषा हाताशी असताना ती नळावरच का वाया घालवायची, असा त्यांना त्या सोमवारी प्रश्न पडला.

कादंबरी लिहायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचा सल्ला जिन्यातच मिळाला. खालच्या मजल्यावर 'अनुभवी' राहायचे. निवृत्त गृहस्थ. जगात असा एकही उद्योग नव्हता जो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या साडूने करून सोडून दिलेला नव्हता.

"कादंबरी ना? आमच्या साडूने लिहायला घेतली होती," अनुभवी म्हणाले. "पण घरात बसून लिहिली, तिथेच फसला. पंख्याखाली कादंबरी होत नसते, मसुदेराव. त्याला पानगळ लागते. सध्या दिवस अगदी उत्तम आहेत. शनिवार-रविवार गावाबाहेर जायचं, झाडाखाली बसायचं. पान गळायला लागलं की माणसाच्या आतलंही काहीतरी सुटतं."

"साडूंचं सुटलं?"

"सुटलं ना. नोकरी सुटली."

सल्ल्याचा शेवटचा भाग मसुदेरावांनी ऐकला नाही. माणूस सल्ला ऐकतो तेव्हा सोयीचं तेवढंच ऐकतो.

गावाबाहेर दोन तासांवर खात्याचं तळं होतं. शहराला पाणी तिथूनच यायचं. तळ्याकाठी खात्याचंच एक विश्रामगृह होतं आणि कर्मचाऱ्यांना अर्ज केल्यावर ते मिळायचं. मसुदेरावांनी चार शनिवार-रविवारांचा अर्ज केला. अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना होता. 'विश्रांती' लिहिलं असतं तर काम भागलं असतं. पण कलावंताने पहिल्याच पायरीवर खोटं कसं लिहायचं? त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'साहित्यनिर्मिती'.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. वर अधीक्षकबाईंचा शेरा होता: 'कोणते साहित्य? किती नग? त्यासाठी वीजजोड लागणार काय?'

अधीक्षकबाई कमी बोलणाऱ्या होत्या. चष्मा नाकावर खाली सरकवून त्या समोरच्याकडे बघायच्या, तेव्हा समोरच्याला आपण चुकीच्या मजल्यावर आलो असं वाटायचं. प्रत्यक्ष जाऊन समजावण्याची हिंमत न झाल्याने मसुदेरावांनी लेखी उत्तर दिलं: 'साहित्य : कादंबरी. नग : एक. वीज : फक्त दिव्यापुरती.'

परवानगी मिळाली. पण खात्याच्या जागेत तयार होणारं साहित्य म्हणून त्या कागदाची एक प्रत भांडार शाखेत गेली, आणि भांडारपालाने आपल्या नोंदवहीत, झडपा आणि जोडनळ्यांच्या खाली, इमानेइतबारे लिहून ठेवलं: 'कादंबरी, एक नग, येणे.'

पहिल्या शनिवारी निघताना बायकोनेही पिशवी भरली.

"अगं, तू कुठे? मी लिहायला चाललोय."

"लिहा की. मी काही तुमचा हात धरणार नाही. आठवडाभर मी सुजलेले गाल बघते, दोन दिवस पाणी बघेन." ती दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. दाढ दुखणारी माणसं आत बोलावलं जाईपर्यंत तिच्याजवळ आपली सगळी कर्मकहाणी सांगून टाकत. सांगून झाली की कित्येकांची दाढ थोडी कमी दुखायची, असं डॉक्टरच म्हणायचे.

विश्रामगृह छान होतं. दोन खोल्या, पुढे लांब ओसरी, समोर सात-आठ उंच झाडं आणि त्यांच्यापलीकडे तळं. झाडं पिवळी-तांबूस झाली होती. ती कसली झाडं हे मसुदेरावांना माहीत नव्हतं, आणि कादंबरीकाराला ते माहीत असायला हवं, ही चुटपुट त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच लागली. ओसरीवर टेबल मांडून ते बसले. नवी वही उघडली. समोर एक पान गिरक्या घेत खाली आलं. मसुदेरावांनी लिहिलं: 'पान गळले.'

मग वाटलं, हे जरा तडकाफडकी झालं. 'पान गळत होते.' पण मग ते पोचलं कधी? 'पान गळून पडले.' गळल्यावर पडणारच, वर थोडंच जाणार! 'एक पान गळते झाले.' हे तर थेट नळाच्या तक्रारीसारखं वाटायला लागलं.

एवढ्यात खर्र खर्र आवाज सुरू झाला. चौकीदार लांब दांड्याचा झाडू घेऊन अंगण झाडत होता. किडकिडीत, ताठ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. मसुदेराव ज्या पानाचा काळ ठरवत होते, तेच पान त्याने त्यांच्यादेखत ढिगात लोटलं.

"अहो, जरा थांबता का? मला पानं पडलेली बघायची आहेत."

"पडू द्या की साहेब. मी कुठे पडायला नको म्हणतो? पडल्यावर झाडतो."

"तेच नको आहे. झाडू नका. राहू द्या तशीच."

चौकीदाराने झाडूच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. "ते जमायचं नाही. झाडायचा हुकूम आहे. बावीस वर्षं झाडतोय. न झाडायचं असेल तर लेखी द्या."

लेखी! मसुदेरावांच्या अंगात एकदम वारं शिरलं. अर्धा तास एका वाक्याशी झटणाऱ्या त्या हाताने चार मिनिटांत, एकही खाडाखोड न करता, पत्र लिहिलं. विषय: विश्रामगृहाच्या आवारातील पाने न झाडण्याबाबत. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर आवारातील गळालेली पाने पुढील आदेश होईपर्यंत झाडण्यात येऊ नयेत.' खाली सही, हुद्दा, तारीख.

चौकीदाराने पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि झाडू भिंतीला टेकवला.

"बघा बरं साहेब," तो म्हणाला. "पानं नुसती पडत नाहीत. ती जातातही."

या वाक्याने मसुदेराव इतके हलले, की त्यांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. ती कुठे जातात, एवढं मात्र त्यांनी विचारलं नाही.

बायको तोवर तळ्यापर्यंत जाऊन आली होती. "अहो, तिथे एक नाव बांधलेली आहे. चौकीदारदादा म्हणाले, हवी तर घ्या. जायचं का?"

"पुढच्या शनिवारी," मसुदेराव म्हणाले. "आत्ता मी लयीत आहे."

लय त्या रविवारी संध्याकाळपर्यंत टिकली आणि तिच्यातून साडेतीन वाक्यं निघाली. बायको मात्र परतीच्या बसमध्ये अखंड बोलत होती. चौकीदाराला एकच मुलगी आहे. ती दूर बंदरावर क्रेन चालवते. बापाला आधी ते अजिबात पसंत नव्हतं, दोन वर्षं अबोला होता. आता दर रविवारी दहा वाजता तिचा फोन येतो, पण विश्रामगृहात फोन लागत नाही म्हणून हा माणूस नाव वल्हवत पलीकडच्या काठावर जातो आणि एका दगडावर उभा राहून बोलतो. दुसऱ्या दगडावरून आवाज तुटतो.

"हं," मसुदेराव म्हणाले. ते मनात 'गळते'चं 'गळाले' करत होते.

दुसऱ्या शनिवारी अंगणात घोट्यापर्यंत पानं साचली होती. चालताना असा काही आवाज व्हायचा की मसुदेरावांना आपण आधीच प्रसिद्ध झाल्यासारखं वाटलं. वाऱ्याची झुळूक आली की पानांची अख्खी लाट सळसळत तळ्याकडे जायची. "काय दृश्य आहे!" ते म्हणाले. चौकीदार पायरीवर बसून त्या लाटेकडे बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही तसं दिसेना. बायकोने नावेचं पुन्हा विचारलं. मसुदेराव पुन्हा 'पुढच्या शनिवारी' म्हणाले.

मधल्या बुधवारी भांडारपाल टेबलाशी येऊन उभा राहिला. प्रामाणिक, त्रासलेला माणूस.

"मसुदेराव, तुमची कादंबरी आमच्याकडे येणे दाखवली आहे. किती इंची आहे?"

"अहो, कादंबरी इंचात नसते! साधारण तीनशे पानं होईल."

"पानं?" भांडारपालाने नोंदवहीत बघितलं, मग मसुदेरावांकडे बघितलं. "म्हणजे पंख्याला असतात तशी?"

त्या रात्री मसुदेरावांना नीट झोप आली नाही. आपण जे करतोय ते नेमकं काय आहे, याबद्दल त्यांचा स्वतःचाच गोंधळ उडायला लागला होता. तिसऱ्या शनिवारी ते टेबलाशी बसले तेव्हा वाऱ्याने वहीत दोन पानं आणून टाकली, ती त्यांच्या एकूण लेखनापेक्षा वजनाला भारी होती.

आणि मंगळवारी अर्ध्या शहराचं पाणी गेलं.

तक्रार शाखेत फोन थांबेनात. मसुदेरावांनी बाह्या सरसावल्या. कारण काय हे कोणालाच माहीत नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं नव्हतं. 'अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव' असं लिहून त्यांनी दुपारपर्यंत चाळीस उत्तरं हातावेगळी केली. घरी आले तर जिन्यात अनुभवी रिकामी बादली घेऊन उभे.

"काय हो, पाण्याचं काय झालं?"

"अपरिहार्य तांत्रिक कारण," मसुदेराव म्हणाले.

"साडूच्या वेळी अगदी असंच झालं होतं," अनुभवी म्हणाले. कोणत्या साडूच्या, कशाच्या वेळी, हे विचारायचं त्राण मसुदेरावांत उरलं नव्हतं.

गुरुवारी कारण कळलं. तळ्यातून शहराकडे पाणी जातं त्या तोंडाशी लोखंडी जाळी होती, आणि त्या जाळीवर हातभर जाड पानांचा थर बसला होता. अभियंत्याने चौकीदाराला फैलावर घेतलं तेव्हा त्याने शांतपणे खिशातून एक कागद काढला. त्याचीच प्रत अधीक्षकबाईंच्या टेबलावर होती.

"ही सही कोणाची?"

मसुदेरावांनी पत्र वाचलं. पत्र चांगलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

"माझी, मॅडम."

"तुम्ही शहराच्या पिण्याच्या पाण्यात पानं सोडायचा लेखी आदेश दिलात?"

"सोडायचा नाही, मॅडम. न झाडायचा."

अधीक्षकबाईंनी चष्मा खाली सरकवला. "शनिवारी सकाळी आठला तळ्यावर हजर राहायचं आणि जाळी साफ होईपर्यंत परत यायचं नाही. बुधवारी लेखी खुलासा. सविस्तर. 'अपरिहार्य' आणि 'तांत्रिक' हे शब्द मला त्यात दिसता कामा नयेत. खुलासा समाधानकारक नसला तर आवक-जावक शाखेत बदली."

आवक-जावक शाखेत काही लिहायचं नसतं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. एकोणतीस वर्षांच्या लेखणीचा असा शेवट! बाहेर पडताना दारात भांडारपाल भेटला. त्याने हळूच दंडाला धरलं.

"तुमची कादंबरी जाळीत अडकली म्हणतात. खरं का?"

मसुदेराव दंड सोडवून घेऊन निघाले. विचार केला तर ते खरंच होतं.

शनिवारी जाळीपाशी कामगार काठावरून लांब आकड्यांनी पानं ओढत होते. मधल्या भागात हात पोचत नव्हते, तिथे नावेतूनच जायला हवं होतं. मसुदेरावांना वल्ही धरता येईनात. नाव जागच्या जागी दोनदा फिरली आणि पुन्हा काठाला लागली. तेव्हा बायको पदर खोचून नावेत उतरली आणि त्यांच्या हातातून वल्ही काढून घेतली.

"तुला येतं?"

"तुम्ही लिहीत होता तेव्हा चौकीदारदादांनी शिकवलं."

ती झोकात वल्हवत जाळीशी गेली. मसुदेराव आकडा घेऊन वाकले. पाण्याखाली गजांची रांग दिसत होती आणि फटीफटीत काळीनिळी पानं घट्ट बसली होती.

"अहो, तसं नका ओढू," ती म्हणाली. "आधी कडेचं सैल करा, मग मधलं आपोआप निघतं. आमचे डॉक्टर तसंच करतात."

त्यांनी कडेचं सैल केलं. मधलं आपोआप निघालं, आणि त्याबरोबर मसुदेरावही पाण्यात गेले. तळं तिथे कमरेइतकंच होतं. ते उभे राहिले तेव्हा खांद्यावर, टकलावर, कानावर पानंच पानं. बायकोने एकदा ओठ घट्ट मिटले, दुसऱ्यांदाही मिटले, पण तिसऱ्यांदा तिला ते साधलं नाही. ती इतकी हसली की नाव हलायला लागली. काठावरचे कामगार हसले. मसुदेरावांनी रागवायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडलं तर त्यातून हसूच बाहेर पडलं. याचं त्यांना फार नवल वाटलं.

"मी लेखी मागितलं होतं," काठावरून चौकीदार एवढंच म्हणाला, आणि ते पाण्यातून चालत काठाशी आले तेव्हा त्याने त्यांना वर ओढून घेतलं.

दुपारी जाळीतून पाणी पुन्हा खळखळ वाहायला लागलं. ती रात्र दोघं तिथेच राहिली. रविवारी सकाळी चौकीदाराबरोबर तेही नावेतून पलीकडे गेले. ऊन कोवळं होतं. काठाकाठाने झाडं पाण्यात उतरल्यासारखी दिसत होती. चौकीदार त्याच्या त्या दगडावर चढला. फोन आला. त्याचं एकच वाक्य इकडे ऐकू आलं: "रजा मिळाली का मग?" पुढचं वाऱ्याने नेलं. तो खाली उतरला आणि सरळ नावेत जाऊन वल्ह्याशी बसला. चेहऱ्यावरून काही कळेना. दोघांनी विचारलं नाही.

सोमवारी मसुदेराव खुलासा लिहायला बसले. 'उपरोक्त' लिहिलं. खोडलं. 'सदर' लिहिलं. खोडलं. 'अपरिहार्य'ला मनाई होती. त्यावाचून माणसाने चूक कशी कबूल करायची हे त्यांना कधी कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी डोकं धरलं.

"अहो, काय झालं तेच लिहा की," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"पण काय झालं?"

"तुम्ही चौकीदारदादांना म्हणालात झाडू नका. ते म्हणाले लेखी द्या. तिथून सुरू करा."

त्यांनी तिथून सुरू केलं. अडलं की विचारायचे, "मग?" आणि ती सांगायची. दगडाचं सांगितलं, क्रेनचं सांगितलं, अबोल्याची दोन वर्षं सांगितली. ती बोलायची तसंच त्यांनी उतरवलं, कारण त्याचं कार्यालयीन भाषेत काय करायचं हे त्यांना सुचेना. पाण्यात पडल्याचंही लिहिलं. एकोणीस पानं झाली. शेवटी 'त्यानंतर आम्ही परत आलो' असं लिहून सही केली आणि बुधवारी कागद आत पाठवले. पाठवल्यावर लक्षात आलं की यात एकही परिच्छेद क्रमांक नाही.

शुक्रवारी बोलावणं आलं.

"खुलासा वाचला," अधीक्षकबाई म्हणाल्या. "असमाधानकारक आहे."

मसुदेरावांच्या कानात शिक्के वाजायला लागले.

"अपुरा आहे. इथे बघा. मुलीचा फोन आला, बापाने विचारलं रजा मिळाली का, आणि लगेच 'त्यानंतर आम्ही परत आलो'. असं कुठे असतं का? काल घरी आईला वाचून दाखवत होते. ती सकाळपासून तीनदा विचारतेय, मुलगी आली का म्हणून. मी तिला काय सांगू?"

"मॅडम, ते खुलाशाच्या विषयात..."

"आली का?"

"माहीत नाही."

"मग माहिती करून घ्या. विश्रामगृहाची परवानगी मी दिली आहे. आणि तुमच्या बायकोचं ते कडेचं सैल करायचं वाक्य आहे ना, त्याला हात लावू नका."

मसुदेरावांना एकदम हलकं वाटलं. "म्हणजे बदली रद्द, मॅडम?"

"छे! बदली झालीच आहे. सोमवारपासून आवक-जावक. आदेश बाहेर घ्या."

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "मॅडम, म्हणजे हे नेमकं... चांगलं झालं की वाईट?"

"त्या दोन वेगळ्या फायली आहेत," बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद वाचायला लागल्या.

शनिवारच्या बसमध्ये मसुदेराव खिडकीशी बसले होते. खिशात बदलीचा आदेश, पिशवीत वही. पाच-सहा वेळा त्यांनी ठरवलं की आपण दुःखी आहोत, आणि दर वेळी बायको काहीतरी दाखवायची. "ते बघा, दोन घोडे. ते बघा, छपरावर बसलेला माणूस." आणि ते ठरवलेलं विसरून जायचे.

विश्रामगृहाची झाडं आता जवळजवळ उघडी झाली होती. ओसरीच्या पायरीवर एक तरुणी बसली होती. जाड जाकीट, आखूड केस, हातात चहाचा पेला. शेजारी चौकीदार उभा होता, आणि त्याला हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखं दिसत होतं.

मसुदेराव पिशवी खोलीत ठेवून बाहेर आले, तेव्हा तिने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हीच का ते? बाबा म्हणाले, साहेब काहीतरी लिहितात. काय लिहिता?"

महिन्यापूर्वी मसुदेरावांनी याचं उत्तर छाती काढून दिलं असतं.

"अजून नीट कळलेलं नाही," ते म्हणाले आणि पायरीवर तिच्याशेजारी बसले. "तुम्हाला रजा कशी मिळाली, ते आधी सांगा."

"ती मोठीच गंमत आहे," ती म्हणाली. बायकोही पलीकडून सरकून जवळ आली. मुलीने पेला खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. वही पिशवीतच होती, पिशवी खोलीत होती. पण आत्ता उठलो तर हिचं बोलणं तुटेल, म्हणून मसुदेराव जागचे हलले नाहीत.